कादंबरीकारांच्या सभेतला हुंकार

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत आमच्या स्ट्रीटवर, म्हणजे क्वार्टरांच्या ओळीत, पुस्तक वाचायचं ते दबक्या आवाजात. कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला कोणी ना कोणी कुठल्या तरी क्वार्टरात दिवसा झोपलेला असायचाच. त्याची झोप मोडली तर रात्री भट्टीपुढं तो उभा कसा राहील, एवढी समज आम्हा सगळ्या बायांना होती. म्हणून दुपारी माझ्या व्हरांड्यात सात-आठ जणी खेटून बसायच्या. कोणी तांदूळ निवडायची, कोणी वाती वळायची, आणि मी वाचायची. शाळेत मी गेलेली नाही. भावाच्या पुस्तकावरून शिकले, पण जे शिकले ते पक्कं शिकले.

ऐकणारीनं 'हुं' म्हणायचं, हा आमच्याकडचा रिवाज. हुंकार नसला तर सांगणाऱ्याला वाटतं, हे सगळे झोपले. माझं वाक्य संपलं की सगळ्यांचा 'हुं' व्हायचा, तोही दबकाच.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या कपाटातून मी एक कादंबरी आणली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची. चांगली रंगली होती, आणि पाहते तर शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली.

शेजारच्या क्वार्टरात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर, काम करणारे एक भाऊ राहायचे. त्यांची धाकटी बहीणही अशीच, नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून माहेरी आलेली. आता ती दुसरी निघून गेली, तेव्हा सासरच्यांना हिची आठवण झाली. रविवारी ते न्यायला येणार होते. आणि इकडं कारखान्याच्या दवाखान्यात तिला आयाचं काम लागलेलं, पुढं क्वार्टरही मिळणार, सोमवारी हजर व्हायचं. भावाचं म्हणणं, जा. भावजयीचं म्हणणं, जाच.

ही बहीणही माझ्या व्हरांड्यात ऐकायला यायची. ती मला म्हणाली, "वहिनी, मंग पुढं काय झालं तिचं?"

"पानंच नाहीत बाई. माझ्या मनातलं सांगू? ती परत जात नाही."

"ते तुमचं झालं. लिहिणाऱ्यानं काय केलं ते पायजे मले."

आणि योग पाहा. विद्यापीठानं गावोगावी लेखकांच्या व्याख्यानांची माला सुरू केली होती. त्यात त्या कादंबरीचेच लेखक, एवढे नावाजलेले, शनिवारी संध्याकाळी आमच्या सेक्टरातल्या शाळेत येणार होते.

"आता त्याहीच्याच तोंडून ऐकतो," ती म्हणाली, "मंग ठरवतो."

"त्यांनी तुझा नवरा पाहिला आहे काय?"

"नाही, पण दुनिया तं पाह्यली असन."

मला हे मुळीच पटलं नव्हतं. तरी गेलो सगळ्या. पुरुष मागं खुर्च्यांवर, आम्ही पुढं सतरंजीवर. आमच्या बुद्धविहारातलीच सतरंजी होती ती, आमच्या ओळखीची. कादंबरीकार दुर्ग स्टेशनवरून जीपनं आले होते. धोतर पांढरंशुभ्र, पण काठाला आपल्या इथली लाल धूळ लागलेली. विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी ओळख करून दिली, ती काही संपेना. मग कादंबरीकार उठले आणि म्हणाले, भाषण नको, टाकलेल्या बाईच्या त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचतो.

पहिलं वाक्य संपलं आणि सतरंजीवरून एकदम 'हुं'.

सवयच ती. प्राध्यापकांनी डोळे वटारले. "भगिनींनी शांतता राखावी."

"राहू द्या हो," कादंबरीकार हसले. "लहानपणानंतर मला कोणी हुंकार दिला नाही."

मग त्यांना असा हुरूप आला की ते हुंकारासाठी जागा सोडून सोडून वाचू लागले. बाई गाठोडं बांधते. हुं. नदी ओलांडते. हुं. नवऱ्याचं दार वाजवते. दार उघडतं, आणि ती त्याच्या पायांवर डोकं ठेवते.

इथं कोणीच काही म्हटलं नाही.

ते थांबले. आणखी एक वाक्य वाचलं. काही नाही. चष्म्यावरून आमच्याकडं पाहून म्हणाले, "काय हो, झोपलात का?"

शेजारची ती बहीण पदर सावरत उभी राहिली. "नाही बाबूजी, जाग्याच आहो. तिनं असं कावून केलं?"

"प्रश्न शेवटी," प्राध्यापक म्हणाले.

कादंबरीकारांनी त्यांना हातानंच थांबवलं. "बाई, ती जाणार कुठं? तिला दुसरं घरच नव्हतं."

"हे बी खरं हाय. तिले क्वार्टर भेटलं नसन."

खुर्च्यांवर हशा झाला. कादंबरीकार मात्र हसले नाहीत. म्हणाले, "ती परत जाते. मी तसंच लिहिलं, आजही तसंच लिहीन." मला माणूस आवडला. आपल्या शब्दावर उभा होता.

"लिहा ना," ती म्हणाली. "तुमची बाई हाय ते." आणि खाली बसली.

रविवारी सासरा आणि दीर नवं लुगडं घेऊन आले. तिनं चहा दिला, वरण-भात रांधला, पंगतीला मलाही बोलावलं. ताटं उचलताना म्हणाली, "मामाजी, लुगडं घेऊन जा. मले उद्यापासून ड्यूटी हाय."

सासऱ्यानं भावाकडं पाहिलं, भावानं माझ्याकडं. "हे कोणं शिकवलं हिले?" सासरा म्हणाला.

"कोणीच नाही मामाजी," मी म्हटलं. "काल एवढे मोठे लेखक आले होते. त्यांनी तर परत जायचंच वाचून दाखवलं."