पॉलिशमामांचा हात

दागिन्यांना पॉलिश करण्यातच पॉलिशमामांचा जन्म गेला होता. धाकट्या बहिणीने जमवलेली चांदीची जुनी नाणी प्रदर्शनात मांडायची ठरली, तेव्हा तिला खूश करायला त्यांनी ती गुपचूप घासून लख्ख केली.

बहिणीने एक नाणं दिव्याखाली तिरपं धरलं आणि ती ओरडलीच.

“दादा, हे काय करून ठेवलंस!”

“का गं? डाग राहिला कुठे?”

“डाग परवडला असता रे!” कपाटात राहून गेलेलं एक मळकट नाणं तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं. “हे जरा हलवून बघ.”

मामांनी हात हलवला, तशी उजेडाची तिरीप नाण्यावर गोल फिरू लागली. बहिणीने हातातलं घासलेलं नाणं तसंच हलवलं; त्यावर मात्र उजेड जागचा हलेना.

“ठसा मारताना चांदीवर बारीक रेषा उमटतात, त्यांची ही झळाळी. रेषा घासल्या की ती गेलीच.”

“मी आणतो ना परत!” मामा घाईने म्हणाले.

“कुणालाच नाही आणता येत, दादा.”

मळकट नाण्याला आपलं बोटही घासू नये म्हणून मामांनी तळहात ताठ धरला. “हे तरी उचल बाई माझ्या हातावरून,” ते कसेबसे म्हणाले, “लवकर उचल.”