आप्पामामाने कोरलेली मामी

आप्पामामा गेल्याचा फोन मामीनेच केला. "तुजा मामा गेला. सावकाश ये, पळत यिऊ नगंस," एवढंच म्हणाली. मी वाईला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला.

मामा सरकारी छापखान्यात नोटांचे ठसे कोरायचा. संगणकाआधी नोटेवरचं चित्र माणूस हाताने धातूवर कोरत असे, रेघेशेजारी रेघ. सावली हवी तर दाट, उजेड हवा तर विरळ. जुनी नोट हाती आली की मामा भिंगातून आधी चेहरा बघायचा. "चेहरा शोभंला नसतुया," तो सांगायचा. "तवा लोकांना कुटं वाचाय येत हुतं? पर खोट्या नोटंवर डोळ्याची रेघ केसभर सरकली तरी अडाणी माणूस म्हणायचा, ह्यो त्यो न्हवं." जन्मभर त्याने परक्यांचे चेहरे कोरले, सही कुठेच नाही. निवृत्तीनंतर मात्र हट्टाला पेटला, एक तरी चेहरा आपल्या माणसाचा कोरायचा. हात थरथरायला लागले होते, म्हणजे हा एकच होणार हे त्यालाही ठाऊक होतं. मामी खिडकीपाशी तांदूळ निवडायची, समोर हा तांब्याचा पत्रा घेऊन.

"हलू नगंस गं."

"मग तांदूळ काय तुमी निवडताय?"

वर्ष गेलं त्यात. पत्र्यात शाई भरून कागदावर छाप काढला तेव्हा मी तिथेच होते. मामी हुबेहूब उतरली होती... फक्त डावी चमकी उजव्या नाकपुडीत गेली होती. ठशावर उलटं कोरलं तरच छाप सुलट येतो. छापखान्यात आधीच उलटं केलेलं चित्र हाती यायचं. इथे बायको समोर बसलेली, दिसली तशी तो कोरत गेला. मला हसू फुटणार होतं, पण त्याचं तोंड बघून कीव आली. पत्र्यावर काट मारायला त्याने कोरणी उचलली. चुकलेला ठसा असाच रद्द करायची त्याची सवय.

मामीने हात धरला. कागद खिडकीकडे नेऊन निवांत बघितला. "आवं, तुमाला चुकल्यागत वाटत आसंल," ती म्हणाली. "मला मी आरशात रोज आशीच दिसती." मामाने कोरणी खाली ठेवली.

परवा गेले तर भिंतीवर आरशाच्या जागी तो कागद होता. आरसा कुठे गेला, मी विचारलं. मामीचा हात मोकळ्या कपाळाकडे गेला.

"त्यातली आता वळखू यीना गं," ती म्हणाली. "ही वळखू येती."