इंदूकाकूच्या मागोमाग आत

बोरसीच्या बाजारात मी मेथी घेत होते, तेव्हा रायपूरच्या केंद्रातून फोन आला. "अंकलजी नहीं रहे," पलीकडची मुलगी म्हणाली. मी काही विचारायच्या आतच तिनं पुढचं सांगून टाकलं, "सुबह से छाती में दर्द बोल रहे थे... पर वो तो कुछ भी बोलते थे ना, मैडम." माझे वामनकाका काहीही बोलणारे नव्हते. त्यांचं डोकं शेवटपर्यंत तुमच्या-माझ्याइतकंच शाबूत होतं, आणि त्या इमारतीत ते कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होऊ नये याची व्यवस्था खुद्द काकांनीच केली होती.

वामनकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईला आले, स्टील प्लांटमध्ये लागले आणि सगळी नोकरी गॅसच्या लाइनवर काढली. भट्टीचा तो गॅस दिसत नाही, त्याचा वास येत नाही. माणूस उभ्या जागी कोसळतो. म्हणून तिथे जोडीनं जायचं, एक आत, एक बाहेर. आतला पडला तर बाहेरच्यानं मास्कशिवाय त्याच्या मागे धावायचं नाही, आधी माणसं बोलवायची. नव्या पोरांना काका हे दम देऊन शिकवत. "जीव तुटला म्हून आत धावला, त आमाले दोन मुडदे काढा लागते!" घरी जेवतानाही हाच विषय. मग इंदूकाकू वाढता वाढता म्हणायची, "जेवू देता का इथंच गॅस सोडता?" काका खो खो हसायचे. दोघांचं असंच चालायचं, आणि आम्हा पोरांना त्यांच्याकडे राहायला फार आवडायचं.

मग काकू विसरायला लागली. आधी भाजीतलं मीठ, मग नातेवाईक, मग घराची वाट. मुलानं बंगळुरूला नेऊन पाहिलं, पण तिथे सातव्या मजल्यावर काकू दिवसभर भिंत धरून बसायची, म्हणून दोघं परत आले. खुर्सीपारची एक बाई दिवसासाठी ठेवली. बाई भली होती, पण तिचा डोळा चुकवून काकू निघाली आणि हथखोजच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या ट्रकांमध्ये अनवाणी सापडली. त्यानंतर काका आणि मी जागा पाहत हिंडलो. तोवर मला वाटायचं, वृद्धाश्रम म्हणजे वृद्धाश्रम, त्यात पाहायचं काय! दुर्गजवळच्या धर्मादाय आश्रमात आपल्या हातानं जेवणारे, आपल्या पायांनी चालणारेच घेत. नागपूरला खास म्हाताऱ्यांसाठी बांधलेली वसाहत होती. ऐसपैस फ्लॅट, पलंगाशी घंटी, खाली डॉक्टर, नवरा-बायको एकत्र. पण डोक्यानं धड असतील तरच. आणि रायपूरबाहेरचं हे केंद्र फक्त विसरणाऱ्यांसाठी. फाटकाला कुलूप, सांभाळायला माणसं, नातेवाइकांनी रविवारी भेटायचं. तिथल्यांना काकू चालत होती, काका चालत नव्हते. एवढ्या तऱ्हेच्या जागा बांधल्या लोकांनी; पण दोघांपैकी एकाचंच डोकं गेलं तर काय, हे कोणाच्या मनात आलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

शेवटी काकूला तिथे ठेवलं. पहिल्या रविवारी तिनं काकांना ओळखलं. पुढच्या खेपेला ओळखलं नाही, पण निघताना त्यांचा शर्ट घट्ट धरला. तिथल्या मुलींना तिची बोटं सोडवावी लागली. मग काका माझ्याकडे आले. चहासुद्धा नको म्हणाले.

"मी बी भरती होऊन राहिलो तिथं."

"तुम्हाला कसे घेतील, काका?"

"कावून नाई घेणार? मले काई यादच नाई राहत." आणि हसले... काकूकडे पाहून पाहून त्यांनी सगळं पाठ केलं होतं. ती हरवलेली नजर, तेच ते विचारणं, चपला उलट्या घालणं. मुलालासुद्धा ते खरं वाटलं होतं. मी कडाकडा भांडले. म्हटलं, "आयुष्यभर पोरांना काय शिकवलंत? पडलेल्याच्या मागे आत जायचं नाही, हेच ना?"

ते चपला घालायला उठले. मग म्हणाले, "ते गॅसचं होतं, बाई. आत इंदू हाय." आणि हे कोणाला सांगायचं नाही, अशी गळ्याची शपथ घालून गेले. तिथल्या डॉक्टरांनी वार विचारला तेव्हा म्हणे त्यांनी उत्तर दिलं, "साहब, मेरी तो दोपहर वाली शिफ्ट है." घेतलं त्यांना.

मी भेटायला गेले की दोघं शेजारच्या पलंगांवर दिसत. काका हळूच गावच्या बातम्या विचारत, आणि तिथली मुलगी खोलीत आली की चेहरा कोरा करत. सुखात होते, हे मला कबूल करावंच लागेल. पण त्या सकाळी दुखणं असह्य झालं, तेव्हा त्यांनी सोंग टाकून दिलं. मी तिथे पोचले तेव्हा फोनवरच्या त्या मुलीनंच मला सांगितलं. "बोले, मुझे सब याद है, डॉक्टर बुलाओ. वार भी सही बताया, मैडम. हम लोग हँस रहे थे..." ती रडत होती. त्यांना खरंच सगळं कळत होतं, असं मी म्हटलं, तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सब घरवाले यही बोलते हैं, मैडम." तिच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही.

काकूला सांगितलं, ती "हो" म्हणाली आणि खिडकीकडे पाहत राहिली. आता रविवारी मी जाते. काकांच्या पलंगावर दुसऱ्या आजी आल्या आहेत. चार वाजता चहा येतो. काकू अर्धा चहा बशीत ओतते, आणि बशी दोन पलंगांमधल्या स्टुलावर, काका बसायचे त्या बाजूला सरकवून ठेवते. कोणी उचलायला गेलं की हात झटकते. परवा मी विचारलं, "काकू, हा कोणासाठी गं?"

तिनं बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मले नाई मालूम," ती म्हणाली. "पण ठेवा लागते."