सुगंधावहिनींची नागपंचमी

तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्याला उतरून पाऊण तास आत चाललं की आमची वाडी लागते. पन्नास सालच्या आसपास या वाडीत नागपंचमी कशी करायची हे एकट्या सुगंधावहिनींना माहीत होतं. बाकीचेही पंचमी करत, पण वहिनींच्या मते ते चुकत.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना घरात कोणी काही विचारत नसे. सासू हयात, दोन जावा मोठ्या. भात कधी भिजवायचं, म्हशीला काय घालायचं, सगळं आधीच ठरलेलं. पहिल्याच श्रावणात पंचमीच्या दिवशी थोरली जाऊ भाकरीसाठी तवा चढवत होती. वहिनी दारातून म्हणाल्या, "आज तवो चढवलास तर नागाचो फणो भाजता. आमच्याकडे कोण चढवणत नाय." सासूने उठून तवा उतरवला. वहिनींचं या घरात चाललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी ते सोडलं नाही.

त्यांच्या माहेरी परसात वारूळ होतं, त्यामुळे त्यांचा अधिकार नाकारायला कोणाकडे काही नव्हतं. आदल्या दिवशी बायकांनी भावासाठी उपास धरायचा. हळदीची पानं तोडून, नारळ खवून आदल्याच दिवशी ठेवायचा, कारण पंचमीला विळी आणि कोयता भिंतीकडे तोंड करून बसतात. नांगर नाही, कुदळ नाही, चुलीवर तळण-भाजण नाही. सकाळी पाटावर गंधाने नाग काढायचा, शेजारी त्याची पिल्लं, आणि कुंभाराकडून आणलेला मातीचा नाग असेल तर तो मधोमध. हळद-कुंकू, दूर्वा, आघाडा, लाह्या, दूध. नैवेद्याला हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या. पूजा झाली की घरातल्या सगळ्यांनी नमस्कार करायचा, पुरुषांनीसुद्धा. वहिनींचा नवरा गंगाराम नमस्कार करून पडवीत झोपायचा. नांगराला सुट्टी असल्यामुळे या सणाबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती.

बावन्न साली शेजारच्या शिवाने गोठ्यात नाग मारला. त्याने लगेच रीतीप्रमाणे तोंडात तांब्याचा पैसा आणि तूप घालून त्याला अग्नी दिला. मग वाडीभर सांगत फिरला की केवढा नाग होता, फणा सुपाएवढा. दुपारपर्यंत लोक कौतुकाने ऐकत होते. तिन्हीसांजेला वहिनी आल्या.

"नाग मारलंस असा ऐकलंय."

"व्हय," शिवा म्हणाला. अजून त्याच्या आवाजात ऐट होती.

"श्रावण महिनो. पंचमी चार दिवसांर. आणि तू नाग मारलंस." वहिनी ओट्यावर बसल्यासुद्धा नाहीत. "बारा वर्सांचो दोष आसा. तुझ्यार येवंदे, पोराबाळांर येता म्हणान सांगतंय."

आत शिवाची बायको नर्मदा ऐकत होती. ती रडायला लागली. चार दिवसांत शिवाला रवळनाथाच्या देवळात उभं राहून शपथ घ्यावी लागली: बारा वर्षं कुठल्याही जनावरावर काठी उगारणार नाही. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. नर्मदेच्या वाट्याला बारा वर्षं दर महिन्याच्या शुद्ध पंचमीचा उपास आला. शिवाय वहिनींनी स्वतःपुरता एक नियम केला: दोष फिटेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायचं नाही.

पुढे शिवाच्या आंब्याच्या कलमांचा मोहर गळला, तेव्हा वाडीतल्या सगळ्यांचाच गळला होता. पण शिवाचा का गळला हे वहिनींना माहीत होतं. म्हैस आटली, मुलीला स्थळ येईना, पायात काटा मोडला, प्रत्येक वेळी वहिनी हळहळून म्हणत, "करतलो काय, केलेला भोगूकच व्हया."

अशी नऊ वर्षं गेली; तोवर सासू वारली होती आणि जावा वेगळ्या झाल्या होत्या. एकसष्ट सालच्या पंचमीला सकाळी पूजा मांडून वहिनी तांदूळ काढायला कोठीच्या खोलीत गेल्या. कणगीमागे अंधारात मनगटाएवढं जाड वेटोळं हललं. वहिनींनी हातातलं सूप हळूच खाली ठेवलं आणि मागच्या पावली बाहेर आल्या. पाटावरच्या नागाला त्यांनी नमस्कार केला की नाही, आठवत नाही असं त्या पुढे सांगत.

गंगाराम कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला. वहिनी नऊ वर्षांत पहिल्यांदा शिवाच्या ओट्यावर बसल्या.

"शिवा, आमच्या कोठीत जनावर इलाहा. जरा बघशीत?"

"बघतंय की." शिवाने उंबऱ्यातून डोकावून पाहिलं, हात जोडले आणि परत येऊन बसला. "बघितलंय."

"मारू नको. नुसता भायर काढ."

"काढूक काठी व्हयी, वयनी. माझी तीन वर्सां अजून रवलीहत. काठी उगारलंय तर परत पयल्यापासून. तुमीच घालून दिलात."

"मग काय करूचा?"

"पूजा," शिवा म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. नऊ वर्षांत त्याला सगळे विधी पाठ झाले होते.

बातमी पसरली. पंचमीला नाग स्वतः चालत आला, तोही कोणाच्या घरी, तर सुगंधावहिनींच्या. दुपारपर्यंत वाडीतल्या बायका दुधाच्या वाट्या आणि लाह्या घेऊन आल्या. कोणी विचारलं, वहिनी, दूध उंबऱ्याच्या आत ठेवायचं की बाहेर? वहिनींना एवढंच वाटत होतं की इतका पाहुणचार झाल्यावर कोण जातो. "दूध नको गो," त्या शेवटी म्हणाल्या. बायकांना ते त्यांचं मोठेपण वाटलं.

वहिनी आणि गंगाराम शिवाच्या घरी राहिले. नर्मदेने पाट दिला, पाणी दिलं. वहिनींनी तांब्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि प्यायल्या. पातोळ्याही खाल्ल्या. नर्मदेच्या पातोळ्या वहिनींच्यापेक्षा मऊ होत्या, आणि गंगारामने ते बोलून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप आली तसं जनावर आपणहून कोठीतून निघालं. माजघर, पडवी ओलांडून अंगणात उतरलं. लांबलचक, पिवळसर, फण्याचा पत्ता नाही. हात जोडून उभ्या असलेल्या माणसांसमोरून ते सावकाश कुंपणात गेलं. पोटात उंदीर असावेत, जरा जड चालत होतं.

"ही तर धामण," शिवा म्हणाला.

वहिनींनी क्षणभरच वेळ घेतला. "धामण झाली म्हणान काय झाला? पंचमीक इलेलो तो नागच." बायकांना पटलं.

पण नर्मदा नवऱ्याकडे बघत होती. "तुमका इतक्या बेगीन कसा कळला?"

"रंगावरसून. तेव्हाची सुद्धा अशीच होती," शिवा म्हणून गेला.

नर्मदेनेच विचारलं, "गोठ्यातलो नाग तो?"

शिवाने मान खाली घातली. धामण मारली म्हणून सांगितलं असतं तर ऐकायला कोण आलं असतं? आणि वहिनी येऊन उभ्या राहिल्यावर नाग नव्हता म्हटलं असतं, तर खोटारडा ठरला असता. शपथ घेणं त्यातल्या त्यात सोपं वाटलं. तो हे सगळं तुटक तुटक बोलला.

"नऊ वर्सां मी उपास केलंय," नर्मदा म्हणाली. "महिन्याक एक. धामणीसाठी."

सगळे वहिनींकडे बघायला लागले. दोष खरा की खोटा, सांगणार त्याच. वहिनींचा चेहरा पडला होता. नऊ वर्षं त्यांनी त्या घराबद्दल जे जे हळहळून म्हटलं होतं ते एकेक आठवत असावं. "उपास कधी फुकट जाणत नाय," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. मग खाली बसल्या आणि नर्मदेला म्हणाल्या, "माका खरा विचारशीत तर, मी पण बघूक येवक व्हया होता. आगीत घालूच्या आधी."

नर्मदा उठून घरात गेली. तिने भात वाढून घेतला आणि चुलीपाशी बसून एकटीच जेवली. त्या दिवशी कुठलीच पंचमी नव्हती, पण तिला नऊ वर्षांच्या उपासांची भूक लागली होती. शिवाने उरलेली तीन वर्षं पुरी केली. कोणी विचारलं तर म्हणायचा, आता सवय झाली. खरं म्हणजे नर्मदेने त्याला ती सोडू दिली नाहीत. उपासही आता तोच धरायचा.

वहिनी पुढेही पंचमी सांगत राहिल्या, पण वाडीतल्या मुली पातोळ्यांचं विचारायला नर्मदेकडे जाऊ लागल्या. वहिनींना ते माहीत होतं. एकदा श्रावणात त्या स्वतःच हळदीची पानं घेऊन तिच्या मागच्या दारी गेल्या आणि म्हणाल्या, "पीठ किती पातळ ठेवतंस गो?"

नर्मदेने भांडं पुढे सरकवलं. "बोट बुडवून बघ," ती म्हणाली.