कोपराच्या आतली जागा

वच्छलामावशी भेटली की आधी हात धरायची. जय भीम, खुशाली वगैरे सगळं नंतर. हात उलटा करायची, पंजामागचं कातडं दोन बोटांत हलकेच उचलून सोडायची आणि ते किती वेळात खाली बसतं ते बघायची. माझा हात तिने पहिल्यांदा धरला तो शिरपूरच्या बसस्टँडवर. बोटांना भेगा होत्या म्हणून मी तो पदराखाली ठेवला होता. तिने ओढूनच काढला.

"लपवतं काहून? कामाचा हात हाये, चोरीचा हाये काय?"

तिच्या खांद्यावर गोणी होती. स्टँडवरच्या रसवाल्याकडे ती संत्र्याच्या साली न्यायला आली होती. तो त्या रोज नालीत टाकायचा. बकऱ्याही दोनचार खाऊन तोंड फिरवायच्या. मावशी म्हणायची, "फेकलेलं खराब नसते बाई. त्याचा मालक सोडून गेलेला असते, एवढंच."

ती साली धुऊन, बाजेवर जुनं धोतर अंथरून सावलीत वाळवायची. मग जाडसर कुटून लाकडी घाण्यावरच्या तिळाच्या तेलात पंधरा दिवस मुरत ठेवायची. ते गाळून छोट्या बाटल्यांत भरायचं. आमच्या बचत गटातल्या आम्ही चारजणी तिच्या हाताखाली होतो. हिवाळ्याच्या तोंडावर बाटल्या विहारात येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना जायच्या. थंडीत त्यांच्या नडग्या फुटतात, खाजवून रक्त येतं.

एकदा सखूआजीने विचारलं, "वच्छला, यानं सुरकुत्या जातीन काय वं?"

"कुठी जातीन माय? तुह्याच हायेत त्या. म्हातारपन काही रोग नाही. कातडं फुटू नये, झोप लागावी, एवढंच मांगावं तेलाले."

सखूआजी हसली आणि बाटली कमरेला खोचून घेऊन गेली.

मावशीचा एक नियम होता. नवं तेल आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं, आठ दिवस. तिथलं कातडं सगळ्यात नाजूक, ते लवकर सांगतं, असं ती म्हणायची. मला ती तिची एक खोड वाटायची.

दोन वर्षांपूर्वी थंडीच्या आधी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेली आणि साली वाळवायचं काम माझ्यावर आलं. घरची बाज मोडली होती. मी ओसरीवर ताडपत्री टाकली, झाडली आणि त्यावर साली पसरल्या. पुढे कुटल्या, मुरवल्या. मावशी परत आल्यावर तेल गाळून, बाटल्या भरून तिच्या घरी पोहोचवल्या. पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार वाटायचा ठरला.

चार दिवसांनी ताडपत्रीची घडी घालताना मला शिवणीत गुलाबी पूड दिसली. त्याच ताडपत्रीवर आमच्या यांनी हरभऱ्याच्या बियाण्याला पेरणीआधीचं विषारी औषध चोळलं होतं. ते मला माहीत होतं. साली पसरताना आठवलं नाही.

मी सांगायला हवं होतं. गेले नाही. बाया काय म्हणतील, मावशी पुन्हा कामाला हात लावू देईल का, हेच डोक्यात. मला चारचौघांत बोलता येत नाही, तशीच मी आहे. पण डोळे मिटले की सखूआजीची नडगी दिसायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखं तिचं कातडं, आणि त्यावर आमचं तेल चोळणारा तिचा हात. तीन दिवस असेच गेले. रविवार जवळ आला, तशी दुपारी तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मावशी, ताडपत्रीले औषध होतं. बियान्याचं. मी पाह्यलं नाही." एवढंच बोलले.

मावशीने बाही वर केली. कोपराच्या आत लाल पुरळ उठलं होतं, तीन बोटं रुंद.

"परवापासून उठलं हे. मी म्हनलं, आपलंच काही चुकलं. तेल खवट होतं का साली धुवाले मी नीट शिकवलं नाही, हेच घोकून राह्यली."

"बाटल्या?"

"फळीवर हायेत. एकही कोनाले देल्ली नाही."

मी उंबऱ्यावरच बसले.

मावशी म्हणाली, "तुह्या तोंडाले कुलूप, अन् खाज माह्या कोपराले. चूक होते बाई. पन लवकर सांगतलं तर ती एकाच हातावर रायते."

आम्ही दोघींनी ते तेल बांधाकडेला खड्डा करून गाडलं. दवाखान्याच्या मलमाने तिचं पुरळ आठवड्यात गेलं. पुढच्या वर्षीही तिने साली माझ्याच हातात दिल्या. धोतरही दिलं.

आता गुडघ्यांमुळे मावशी लेकीकडेच राहते. नवं तेल झालं की मी माझ्या कोपराला लावते आणि आठव्या दिवशी तिला फोन करते, तोंड दिसतं तसा. ती तोंड बघतच नाही.

"कोपर दाखव. उजेडात घे जरा. हं. भर बाटल्या."

मग विचारते, "सांगाचं काही राह्यलं तर नाही ना वं?"

"नाही मावशी," मी म्हणते. आणि खरंच काही राहिलेलं नसतं.