ब्रेकवाल्याची बायको जीपने जाते

किस्से कुणी गोळा करत नाही, ते गॅरेजमध्ये आपोआप साठतात. जुन्या नटबोल्टांचा डबा असतो ना, तसंच. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण डबा कायम भरलेला!

नव्वदच्या दशकात पंचवटीत, दिंडोरी रोडला आमचं गॅरेज होतं. मी काउंटरवर, फोन आणि गिऱ्हाइकं सांभाळायला. पार्टनर नामदेव गाडीखाली. नामदेव मूळचा चांदवडचा. इंजिन, क्लच सगळं करायचा, पण त्याचा जीव ब्रेकवर. "इंजिन बंद पडलं तर माणूस घरी उशिरा जातो. ब्रेक गेला तर जातच नाय," असं म्हणायचा.

हे वाक्य तो घरीही म्हणायचा आणि तिथेच घोटाळा झाला! जेवताना रोज बायकोला, म्हणजे सुमनवहिनींना, ब्रेकचे किस्से रंगवून सांगायचा. मग हौसेने एक जुनी, गोल तोंडाची गाडी घेतली, धुऊनपुसून दारात उभी केली, तर वहिनी म्हणाल्या, "मी नाय बसणार." नामदेवच्या मनात एकच होतं. बायकोला शेजारी बसवून, घाटातून, थाटात तिच्या माहेरी सुरगाण्याला न्यायचं. पण वहिनी काही बसेनात.

*

बँकेतल्या एका मॅडमचा फोन आला. "ब्रेकचं पेडल मऊ लागतंय हो, स्पंजसारखं."

नामदेवने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "मॅडम, हवा धरलीय. चारी चाकांची हवा काढावी लागंल. या घेऊन."

आता, ब्रेकच्या पाइपात हवा शिरली की पेडल मऊ पडतं आणि एकेका चाकापाशी ती हवा काढावी लागते, हे आम्हाला माहीत. मॅडमना कसं माहीत असणार?

थोड्या वेळाने परत फोन. "अहो, मिस्टरांनी चारी चाकांची हवा काढली. आता गाडी आणायची कशी?"

नामदेव पंप घेऊन गेला. घरी त्याने हे सांगितलं तेव्हा वहिनी अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हंजे ब्रेक आधीच नाय, आन् आता चाकंबी गेली!"

*

पेडल हळूहळू खाली बसत असेल तर ते ओळखायची नामदेवची स्वतःची पद्धत होती. मालकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं आणि नामदेवने समोरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत पेडल जागेवर राहिलं तर उत्तम. बसत गेलं आणि बाहेर कुठे ऑइलचा थेंबही नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं. पद्धत पक्की होती, पण गिऱ्हाइकं भडकायची. "मला कामाला लावून हा चहा ढोसतोय!" मी काउंटरवरून समजूत घालायचो.

एकदा देवळाली कॅम्पचे एक रिटायर्ड सुभेदार आले. "दाबून धरा साहेब, सोडू नका," असं सांगून नामदेव टपरीवर गेला. तिथे भेटला चांदवडचा गाववाला! कांद्याचा विषय निघाला, मग कुणाच्या तरी सोयरिकीचा, मग दुसरा चहा. परत येऊन बघतो तर सुभेदार घामाघूम, नजर समोर, पाय पेडलवर. पेडल केव्हाच तळाला टेकलं होतं. सुभेदार मात्र ताठ!

"अहो साहेब, सोडायचं ना!"

"ऑर्डर किधर मिली?"

*

गाववाल्यावरून आठवलं. चांदवडचाच एक कांद्याचा व्यापारी पिकअप घेऊन आला. पेडल खाली जातंय, ब्रेक कधी धरतो, कधी नाही. नामदेवने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि माझ्याकडे बघितलं. मीही वास घेतला. खमंग!

"शेठ, ऑइल कोणतं टाकलं?"

"कमी झालतं, म्हणून घरचंच टाकलं. शेंगदाण्याचं."

नामदेवने परत एकदा डबीत नाक घातलं. तेलाने आतली रबरं पार फुगली होती. पण व्यापाऱ्याचा समज झाला की तेलाच्या दर्जावर शंका घेतली जातेय.

"भेसळ नाय हां! घाण्याचं हे!"

"मग आता भजी तळा," नामदेव म्हणाला, "ब्रेक नाय लागायचा."

*

सोमा हे आमचं लाडकं गिऱ्हाईक. त्याची नाशिक-सुरगाणा काळीपिवळी जीप. आत किती माणसं बसायची ते विचारू नका, टपावरची वेगळीच. पेडलची तक्रार सांगायची त्याची तऱ्हाही खास होती. "भाऊ, ब्रेक लागतो ना. पण तिसऱ्या पायाला लागतो."

म्हणजे पेडल तीनदा मारलं की मग ब्रेक धरतो. नामदेवने ब्रेकचे झिजलेले लायनर चाकाच्या ड्रमजवळ घेतले, हवा काढली, चहाची परीक्षा घेतली, तेव्हा कुठे जीप सोडली. सोमा खूश. "आता पहिल्याच पायाला लागतो!"

आणि या सोमाच्या जीपने कोण जायचं माहेरी? सुमनवहिनी! नामदेवला हे फार लागायचं. दर सणाला वहिनी जीपमध्ये दाटीवाटीने, आणि हा आपल्या रिकाम्या गाडीतून जीपच्या मागे मागे, थेट सुरगाण्यापर्यंत. एकदा मी न राहवून वहिनींना विचारलं, "त्या खटाऱ्यात बसता आणि नवऱ्याच्या गाडीत का नाही बसत?"

"भाऊजी, जीपचे ब्रेक हे बघत्यात. म्हणून तर बसते."

"मग घरच्या गाडीचे?"

"तिच्याकडं बघायला यांना कधी येळ असतो?"

मी नामदेवकडे बघितलं. तो पान्ह्यावरची धूळ पुसायला लागला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पण ते बोलणं त्याला झोंबलं. सुटीच्या दिवशी गॅरेज बंद ठेवून त्याने घरच्या गाडीचे ब्रेक मुळापासून नवे केले. पाइप, रबरं, सगळं. मला त्याचं फार बरं वाटलं. कुणी कुणासाठी काय करतं, याने ब्रेक केले.

*

आणि योग आला. वहिनींच्या भाचीचं लग्न, आणि सोमाची जीप त्याच लग्नाच्या वऱ्हाडात अडकलेली. वहिनींपुढे इलाज नव्हता. नवी साडी, नव्या चपला घालून त्या नामदेवच्या शेजारी बसल्या. आमंत्रण मलाही होतं, मी मागच्या सीटवर.

नामदेवचा चेहरा नवरदेवापेक्षा फुललेला! घाट लागला. प्रत्येक वळणाला तो अलगद ब्रेक लावी आणि वहिनी आपल्या बाजूला दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून उजव्या पायाने खालचं मॅटिंग दाबत. याचा एक ब्रेक, त्यांचा एक. एका उतारावर समोरून ट्रक आला, आणि आत कुठेतरी 'कट्ट' असा आवाज झाला.

"कशाचा आवाज गं?"

"पुढं बघा!"

पुढे सगळा घाट वहिनी चिडीचूप. मला वाटलं, अखेर विश्वास बसला.

लग्नघरासमोर गाडी थांबली. सासुरवाडीची सगळी मंडळी जमली. नामदेव खाली उतरला, टपावर थाप मारली आणि मेहुण्याला मोठ्याने म्हणाला, "एवढा घाट उतरलो, पण पेडल तसूभर खाली गेलं नाय!"

वहिनी बसलेल्याच.

"उतर की."

"चप्पल नाय."

"आता होती की! कुठं हे?"

"घाटात."

वहिनींनी पायाखालचं फाटलेलं मॅटिंग बाजूला सारलं. गंजून भोक पडलेल्या पत्र्यातून खाली मांडवापुढची रांगोळी दिसत होती.

"तुमचं पेडल नाय गेलं खाली," वहिनी म्हणाल्या. "माझा पाय गेला."