सूचीकाकू आणि बिननावाची पानं

माझी धाकटी जाऊ कॉलेजच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवते. पदाचं नाव मदतनीस, पण बावीस वर्षांत मुलांनी तिला सूचीकाकू करून टाकलंय. कोणी काही विचारलं की ती आधी पुस्तकाच्या शेवटची सूची बघते, मगच तोंड उघडते. घरी मीठ कुठे ठेवलंय विचारलं तरी तिला क्षणभर लागतो. स्वतः बारावीपुढे शिकली नाही. पण मुलांचे शोधनिबंध कशामुळे फसतात हे तिने इतकं जवळून पाहिलंय की ते कसे लिहावेत, हे तिला आपोआप यायला लागलंय.

माझ्या लेकीला मात्र हे पटेना. एम.ए.चं शेवटचं वर्ष. निबंधाला तीन महिने मिळाले होते, ते बहुधा फायलीला कव्हर घालण्यात गेले. शनिवारी चारच्या आत दिला नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते. सोमवारी आमच्या लेकीबाईंनी काकूला विषय सांगितला, 'वाचनसंस्कृती : काल, आज आणि उद्या'. काकूने चष्म्यावरून पाहिलं.

"उद्याचं तुला कोण सांगून गेलं?"

लेक रुसली, पण दिवस मोजकेच होते म्हणून ऐकून घेतलं. शनिवारपर्यंत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न काकूला हवा होता. संध्याकाळपर्यंत काल गेला, उद्या गेला, आणि उरलं एवढंच, की आपल्या ग्रंथालयातली मुलं पुस्तकं अर्ध्यात का सोडतात. त्यातला 'का'सुद्धा काकूने खोडला. का ते मुलांच्या मनात, ते चार दिवसांत कळायचं नाही; कोणती सोडतात ते बघ म्हणाली.

मग झेरॉक्सचा गठ्ठा बाहेर निघाला. एकशे बारा पानं. गठ्ठा जाड म्हणजे काम झालं, असं लेकीला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण तिने फक्त हवा तेवढा मजकूर मोठा करून काढून घेतला होता. वरच्या कडेची पुस्तकांची नावं, खालचे पानांचे आकडे, सगळं कापलं गेलेलं. कुठलं पान कुठल्या पुस्तकातलं, तिलाच ठाऊक नव्हतं.

मी शनिवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. जाऊ मात्र पानं जमिनीवर पसरून निवांत बसली. हा चहाचा डाग दुसऱ्या कपाटातल्या निळ्या पुस्तकातला. ही चिकटपट्टी माझ्याच हातची, वाकडी लागलीय, त्या दिवशी खांदा दुखत होता. असं करत तिने बहुतेक पानं ओळखली. मंगळवारी-बुधवारी लेकीने प्रत्येक पान मूळ पुस्तकाशी ताडून बघितलं. एका कार्डावर एकच मुद्दा, वर पुस्तकाचं नाव आणि पान. प्रश्नाला धरून असलेली पानं निघाली एकोणीस. बाकीच्यांच्या पाठीवर कच्चं लिही, असं काकूने सांगून टाकलं.

एक पान मात्र कोणालाच ओळखू येईना. ना डाग, ना घडी. नेमकं त्यावरच वाक्य होतं की तरुण मुलं जाड पुस्तकांना घाबरतात. लेकीचा निष्कर्ष त्याच वाक्यावर उभा होता, आणि तो तिने पहिल्याच महिन्यात लिहून ठेवला होता. ती म्हणाली, "एका तज्ज्ञाच्या मते, असं लिहिते."

"कोणता तज्ज्ञ? हाक मारून दाखव."

मी मध्ये पडले. म्हटलं, अगं, एका ओळीने कोणाचं काय बिघडणार आहे? जाऊ माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्ही देवासमोर बसता तेव्हा असंच मोघम नाव घेता का?"

मी भाजी निवडायला गेले.

ओळ गेली. मग खरं काय ते बघण्यासाठी गुरुवारी दोघींनी कपाटांतून साठ पुस्तकं काढली, तीस जाड आणि तीस बारीक. वाचलेल्या पानांच्या कडा मळतात. मळ संपतो तिथे वाचणारा थांबला, हे जाऊला पुस्तकं शिवताना कळलेलं. जाड पुस्तकं बहुतेक शेवटपर्यंत मळलेली निघाली. परीक्षेपुरती नेलेली बारीक पुस्तकं दुसऱ्या प्रकरणानंतर कोरी करकरीत. लेकीचा लाडका निष्कर्ष उताणा पडला. ती नाक ओढत थोडी रडली, मग तो फाडून शुक्रवारी नव्याने लिहायला बसली. आधी प्रश्न, मग कसं पाहिलं, काय दिसलं, आणि सगळ्यात शेवटी त्यातून काय समजलं. साठ पुस्तकांवरून सगळ्या तरुणांबद्दल बोलता येत नाही, हे वाक्य तिने आपणहून घातलं. काकूने ते दोनदा वाचलं आणि ती चहा टाकायला उठली.

शनिवारी साडेतीनला कॉलेजात लेकीच्या सरांनी निबंध हातात घेऊन तोलला. मी दाराबाहेर देवाचं नाव घेत उभी.

"अकराच पानं? बाकीच्यांची चाळीस-चाळीस आहेत."

"सर, प्रश्नाचं उत्तर एवढंच सापडलं."

सरांनी संदर्भांच्या यादीवर मध्येच कुठेतरी बोट ठेवून विचारलं, हे कुठे मिळालं? लेकीने पुस्तक, पान, कपाट, सगळं सांगितलं. त्यांनी आणखी एकावर बोट ठेवलं. तेही सांगितलं. तिसऱ्यांदा बोट टेकवण्याआधीच त्यांनी ते मागे घेतलं आणि सहीसाठी पेन शोधायला लागले.